पाचव्या तासालाही पळणारी सायकल: पाठीला सोसवेल आणि वेगही देईल अशी रोड बाईक कशी निवडावी

दसरा झाला की मला फोन यायला लागतात. पाऊस ओसरलेला असतो, सिंहगड रस्त्यावर भल्या पहाटे सायकलींचे लाल दिवे लुकलुकू लागलेले असतात, आणि ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "ताई, रोड बाईक घ्यायचीय. पाठ-मान धरायला नको, पण पळायला हवी बरं का. कोणती घेऊ?"

विचारणाऱ्याच्या मनात आराम आणि वेग यांचं भांडण आधीच ठरलेलं असतं. एक हवा तर दुसऱ्यावर पाणी सोडायचं. मीसुद्धा पहिली रोड बाईक याच समजुतीतून घेतली होती. रेसिंगची फ्रेम, खोल वाकायला लावणारं हँडल, ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेले २३ मिलिमीटरचे टायर. दुकानासमोरच्या गल्लीत दोन चकरा मारल्या आणि पंख फुटल्यासारखं वाटलं. आठवड्याने जुन्या हायवेने लोणावळ्याला गेले. जाताना तळेगावपर्यंत मी राणी होते. परतताना कामशेतला करंगळ्या बधिर झाल्या, वडगावनंतर मान वर होईना, आणि देहूरोडपासून पुढे हँडलचा वरचा आडवा दांडा धरून, पाठ ताठ करून, वाऱ्याला छाती देत कशीबशी घरी पोचले. सरासरी पाहिली तर आधीच्या, सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलीपेक्षा ताशी दीड किलोमीटरने कमी.

तेव्हापासून सायकलीचा वेग मी पहिल्या दहा मिनिटांवर मोजत नाही, पाचव्या तासावर मोजते. खालचा सगळा सल्ला त्याच हिशेबाने दिलाय.

पहिली पायरी: आपल्या राइड कागदावर उतरवा

दुकानात जाण्याआधी पुढच्या वर्षभरात तुम्ही खरोखर कुठे सायकल चालवणार ते लिहून काढा. मनातले मांडे नकोत. रविवारी चाळीस किलोमीटर की शंभर? रस्ता गुळगुळीत डांबरी, की दर पाच मीटरला सांधा असलेला सिमेंटचा, की अधूनमधून खडी? घाट किती? एकटे जाता की गटात?

चार तासांच्या पुढच्या राइड यादीत असतील, म्हणजे लोणावळा परतीसह, किंवा बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राइडची, स्वप्नं, तर तुमची सायकल एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारातली. बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. खाणं, पंक्चर, चहा, सगळं त्यात धरून ताशी १५ च्या आसपास सरासरी ठेवायची असते. तिथे सुसाट सायकलीपेक्षा जिच्यावरून उतरावंसं वाटत नाही ती सायकल आधी पोचते.

उलट तुम्ही बावीस वर्षांचे असाल, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकत असतील आणि तासाभराच्या शर्यतीच उतरवायच्या असतील, तर बिनधास्त रेस फ्रेम घ्या. निम्मा रस्ता कच्चा असेल तर ग्रॅव्हल बाईक पाहा. या दोन टोकांच्या मधे जी भली मोठी जनता आहे, तिच्यासाठी हा लेख.

एन्ड्युरन्स हा शब्द ऐकून काहींना ती म्हाताऱ्यांची सायकल वाटते. तिचा जन्म मात्र शर्यतीतला आहे. पॅरिस-रूबे ही अडीचशे किलोमीटरच्या पुढची शर्यत, त्यात पन्नासहून जास्त किलोमीटर दगडी फरसबंदी. त्या दगडांना तोंड देण्याच्या विचारातून स्पेशलाइज्ड कंपनीने २००४ मध्ये ‘रूबे’ नावाचंच मॉडेल काढलं. ट्रेकची ‘डोमाने’ २०१२ ची, आणि २०१३ मध्ये स्विस सायकलपटू फाबियान कान्सेलाराने फ्लँडर्सची आणि रूबेची शर्यत एकाच आठवड्याच्या अंतराने जिंकली ती तिच्यावरच. त्याच्या फ्रेमची ठेवण दुकानातल्या डोमानेपेक्षा लांब आणि खाली होती, हेही सांगायला हवं. त्याचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

दुसरी पायरी: वेग कुठे खर्च होतो ते समजून घ्या

हा भाग लोक गाळतात आणि मग वजनकाट्यावर पैसे उधळतात. थोडा हिशेब करू. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो. सपाट रस्ता, वारा नाही, वेग ताशी २८. ढोबळ गणिताने साधारण १२० ते १२५ वॉट लागतात. त्यातले ९० च्या आसपास निव्वळ हवा कापायला जातात, तीसेक टायर लोळवायला. हवेला अडवण्यात मोठा वाटा तुमच्या अंगाचा, सायकलीचा थोडका.

आता तीन गोष्टी शेजारी ठेवा. सायकल एक किलोने हलकी केली तर या वेगाला सपाटीवर अर्धा वॉटही वाचत नाही. साधे कडक टायर काढून चांगले लवचिक टायर घातले तर दहा ते पंधरा वॉट वाचतात. हूडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, हात ताठ ठेवून बसण्याऐवजी कोपरं वाकवून छाती थोडी खाली आणली तर तेवढेच, दहा ते पंधरा. तेही फुकट.

पण हे फुकटचं देणं घ्यायला एक अट आहे. कोपरं वाकवून तुम्ही तासन् तास बसू शकायला हवं. हँडल फार खाली आणि फार लांब असेल तर शरीर हात ताठ करून त्याला टेकू देतं, खांदे कानाला लागतात, आणि वीस मिनिटांत तुम्ही वरचा दांडा धरता. हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर असलं, तर तेच शरीर कोपरं वाकवून मजेत बसतं. कागदावर बघितलं तर उंच हँडलची सायकल हवेला जास्त अडवते. रस्त्यावर, तिसऱ्या तासानंतर, तीच कमी अडवते. वेगाचं आणि आरामाचं भांडण इथेच मिटतं.

घाटात वजन लागतं, नाही कसं? पण किती? सिंहगड चढायला तुम्हाला एक तास लागत असेल, तर एक किलो कमी केल्याने चाळीसेक सेकंद वाचतील. त्या किलोसाठी पन्नास हजार जास्त मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी आधी माझं वजन कमी करून बघते. दरवर्षी ठरवते, निदान.

तिसरी पायरी: फ्रेमचा तक्ता वाचा

प्रत्येक कंपनी आपल्या संकेतस्थळावर फ्रेमच्या मापांचा तक्ता देते. पंधरा-वीस आकडे असतात, नवख्याला घाम फुटतो. तुम्ही दोनच शोधा: स्टॅक आणि रीच.

पेडल ज्याच्याभोवती फिरतात तो फ्रेमचा मध्य, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. तिथून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅक जास्त असला की हँडल वर येतं. रीच कमी असला की जवळ येतं. ५४ मापाच्या रेस फ्रेमचा स्टॅक साधारण ५४० ते ५४५ मिलिमीटर आणि रीच ३८५ च्या आसपास असतो. त्याच मापाच्या एन्ड्युरन्स फ्रेमचा स्टॅक ५७० च्या पुढेमागे, रीच ३७५ ते ३८०. स्टॅकला रीचने भागा. दीडच्या आसपास किंवा वर आलं तर फ्रेम आरामाकडे झुकलेली. एक पॉइंट चारच्या घरात आलं तर रेसकडे. मोबाइलवर दहा सेकंदांचं काम आहे, आणि विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा जास्त सांगून जातं.

५२, ५४ किंवा एस, एम या छापील मापांवर विसंबू नका. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या एमएवढा निघतो. नावांचीही गंमत असते. मेरिडाची ‘स्कल्टुरा’ आणि ‘स्कल्टुरा एन्ड्युरन्स’ या दोन वेगळ्या ठेवणीच्या सायकली आहेत, नाव अर्धवट ऐकून ऑर्डर देऊ नये. साधारण चाळणी म्हणून सांगायचं तर जायंटमध्ये ‘डिफाय’ आणि ‘कन्टेंड’ आरामाकडच्या, ‘टीसीआर’ रेसची. ट्रेकमध्ये ‘डोमाने’ विरुद्ध ‘मॅडोन’. स्पेशलाइज्डमध्ये ‘रूबे’ विरुद्ध ‘टारमॅक’. कॅननडेलमध्ये ‘सिनॅप्स’ विरुद्ध ‘सुपरसिक्स’. डेकॅथलॉनची ‘ट्रायबन’ मालिकाही आरामाच्याच बाजूची, आणि कमी पैशांत सुरुवात करायची तर पहिली चाचणी तिचीच घ्या.

सायकल वेगवान वाटते ती कशामुळे? व्हीलबेस म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर. ते मीटरपेक्षा थोडं कमी असेल तर सायकल चपळ, वळायला उतावळी. मीटरच्या थोडं वर गेलं तर ती सरळ रेषेत शांत चालते. खंबाटकी चढून पुढच्या उतारावर, शेजारून ट्रक जात असताना, मला शांत सायकल आवडते. पण फार लांब, फार सुस्त फ्रेम पेडलवर उभं राहिलं की मढ्यासारखी वाटते, हेही खरं. व्हीलबेस १०० ते १०२ सेंटिमीटरच्या पट्ट्यात असला की दोन्ही साधतं.

बुटक्या मंडळींसाठी एक खास सूचना, अनुभवाची. लहान फ्रेममध्ये पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. पेडल आडवं ठेवून हँडल वळवा आणि बुटाचं टोक चाकाला लागतं का ते उभ्या उभ्या पाहा. थोडं घासणं बहुतेक छोट्या फ्रेममध्ये असतंच, पण सिग्नलला हळू वळताना दचकायला नको म्हणून आधीच माहीत असावं. हँडलची रुंदीही खांद्याच्या हाडांएवढीच हवी. लहान फ्रेमवर ४२ सेंटिमीटरचं हँडल बसवून देणारी दुकानं कमी नाहीत, आणि मग अरुंद खांद्याची बाई दिवसभर दंड बैठका काढल्यासारखी थकते.

चौथी पायरी: टायर, आणि इथे हात आखडू नका

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फ्रेममध्ये निदान ३२ मिलिमीटरचा टायर बसायला हवा. आज तुम्ही २८ वापरलात तरी चालेल. जागा हवी.

जुनी समज अशी की टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक तितका वेग. लोखंडी रोलरवर, गुळगुळीत पृष्ठभागावर मोजलं तर कडक टायर खरंच कमी ऊर्जा खातो. आपला रस्ता रोलर नाही. खरबरीत डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकलीला आणि तुम्हाला वर उचलतो. ती उचलण्याची ताकद तुमच्या पायांतून येते आणि तुमच्या मांसात, सांध्यांत कंप होऊन विरते. हात बधिर होतात ते यामुळे. शिवाय पुढे जाण्यातूनही तेवढं वजा होतं. रुंद टायर कमी हवेत खड्याला स्वतःच्या पोटात घेतो आणि तुम्ही सरळ पुढे जाता. कडक टायरची झिणझिण कानाला वेगासारखी वाटते, एवढाच काय तो तिचा फायदा.

हवेचे आकडे सुरुवातीला असे धरा. ७५ किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास, ३२ मध्ये ५५ ते ६०. वजन ६० किलो असेल तर २८ मध्ये साठेक आणि ३२ मध्ये पन्नासेक. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-चार कमी. मग दर राइडला दोन-दोन पीएसआय खाली-वर करून बघा. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला तर हवा कमी आहे. टायरच्या कडेला छापलेला सर्वात मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. कितीतरी जण आणि पंक्चरवालेही तोच आकडा गाठेपर्यंत पंप मारतात. रिमला कडेची आकडी नसेल, ज्याला हूकलेस म्हणतात, तर ५ बारच्या म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही. अशा रिमवर कोणते टायर चालतात तेही दुकानातून लिहून घ्या.

नव्या सायकलीवर येणारे टायर बहुधा जाड, जड आणि स्वस्त असतात. कंपनी तिथेच पैसे वाचवते. त्यामुळे सायकल घेतानाच चांगल्या टायरच्या जोडीचे पैसे बाजूला काढून ठेवा. मूळ टायर घासून जाईपर्यंत थांबायचं नाही. जुनी सायकल नवी झाल्यासारखं वाटायला टायर बदलण्यासारखा दुसरा उपाय मला माहीत नाही. फार पातळ शर्यतीचे टायरही नकोत. आपल्याकडे बाभळीचा काटा आहे. कडेची माती रस्त्यावर येते, तिच्याबरोबर काटे येतात, आणि शर्यतीचा टायर त्यांना लोण्यासारखा वाटतो. मधल्या वजनाचा, पंक्चररोधक थर असलेला, पण कडेने लवचिक असा टायर शोधा.

ट्यूबलेस करायचं का? काट्यांच्या भागात राहत असाल तर आत सीलंट ओतलेला ट्यूबलेस टायर छोटी भोकं स्वतःच बुजवतो, हा मोठा दिलासा. पण सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी पाहून पुन्हा ओतावं लागतं. ज्याला चेन पुसायचाही कंटाळा, त्याने ट्यूबच ठेवावी आणि दोन सुट्या ट्यूब बरोबर बाळगाव्यात.

पाचवी पायरी: घाटाचे गिअर

इथे अहंकार आड येतो. पुढे ५०-३४ दात्यांच्या चकत्या, ज्याला कॉम्पॅक्ट क्रँक म्हणतात, आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच. एवढं असलं की सह्याद्री तुमचा.

३४ ला ३४ लावले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. मागे २८ च असतील तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी नऊच्या वर जावं लागेल, आणि बोपदेवच्या तिखट चढावर तेवढी ताकद नसली की फेरे मंदावतात, गुडघे कुरकुरतात, कंबर वळते. कात्रजचा जुना घाट सौम्य आहे, तिथे फरक कळणार नाही. कळेल तो दिवसाच्या दुसऱ्या घाटात.

"पण छोट्या चकतीने सपाटीवर वेग कमी पडेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. ५० ला मागचे ११ दाते, मिनिटाला ९० फेरे: ताशी ५१. तुम्ही सपाटीवर ताशी ५१ ने जाणार असाल तर हा लेख तुम्ही लिहायला हवा होता.

५२-३६ ची जोडी बसवलेली सायकल सवलतीत मिळत असेल तर नाही म्हणा, किंवा मागची कॅसेट ३४ पर्यंत वाढवता येते का ते आधी विचारा. मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राची, मर्यादा असते. दुकानदाराने "होऊन जाईल" म्हटलं तर ते बिलावर लिहून मागा.

बाकीचं, भराभर

ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच: शिमानो कंपनीच्या क्लॅरिसला मागे ८ गिअर, सोराला ९, टियाग्राला १०, ‘१०५’ नावाच्या संचाला ११ किंवा १२. गिअर वाढले म्हणून वेग वाढत नाही. दोन गिअरमधली पायरी लहान होते आणि पायांची लय मोडत नाही, एवढंच. सोरावर लोकांनी सहाशेच्या बीआरएम केल्यात. बजेट ताणायचंच असेल तर ते चांगल्या ब्रेकसाठी ताणा.

ब्रेक: डिस्क घ्या. रिमला पकडणाऱ्या ब्रेकमध्ये रुंद टायरला जागा उरत नाही, आणि पावसात ताम्हिणी उतरताना ओल्या रिमवरचा चिखल वाटीत भरल्यासारखा गोळा होतो. डिस्कमध्ये केबलची आणि हायड्रॉलिक असे दोन प्रकार. हायड्रॉलिक एका बोटाने थांबते. पसरणीचा लांब उतार उतरताना केबलच्या ब्रेकवर आवळून आवळून पंजे दुखतात, म्हणजे हाही आरामाचाच प्रश्न आहे. हात लहान असतील तर ब्रेकचा लिव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, तो दुकानातच फिरवून घ्या.

फ्रेम: कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम नवख्याला पुष्कळ झाली. पूर्ण कार्बन हलकी असते आणि कंपही थोडा कमी देते, पण २५ वरून ३२ च्या टायरवर गेल्याने जेवढा फरक पडतो तेवढा फ्रेम बदलून क्वचितच पडतो. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, २७.२ मिलिमीटरचा बारीक असेल आणि फ्रेमच्या बाहेर पुरेसा निघालेला असेल, तर तोही स्प्रिंगसारखा थोडा लवतो. स्टील मला मनापासून आवडतं, पण त्यावर मी बोलायला लागले तर हा लेख संपणार नाही.

सॅडल: सायकलीबरोबर आलेल्या सॅडलवरून सायकल नाकारू नका, ती बदलता येते. जेलचं गुबगुबीत कव्हर मात्र घालू नका. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवून त्यावर पुढे झुकून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा, त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा, ती तुमच्या सॅडलची रुंदी. आणि पॅड असलेली चांगली सायकलिंग शॉर्ट आधी घ्या. आतून काही घालायचं नसतं. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

दुकानात गेल्यावर

विक्रेता सायकल एका बोटाने उचलून दाखवेल. तुम्हीही उचला, वा म्हणा, आणि खाली ठेवायला सांगा. मग चाचणी राइड मागा. पार्किंगमधल्या दोन चकरा नकोत, निदान अर्धा तास हवा. ओळखपत्र ठेवून देणारी दुकानं आहेत. जे ठाम नकार देतात तिथे लाखभर रुपये टाकायची घाई कशाला?

निघण्याआधी टायरमधली हवा स्वतः पाहा. प्रदर्शनातल्या सायकलीत ती कधी शंभर असते, कधी तीस, आणि दोन्हीवर तुमचं मत चुकतं. सॅडलची उंची लावून घ्या. दोन सायकलींची तुलना करताना दोन्हीत सारखीच हवा ठेवा, नाहीतर तुम्ही फ्रेमची नाही, पंपाची परीक्षा घ्याल.

रस्त्यावर एवढं करून बघा. हूडवर कोपरं वाकवून दहा मिनिटं जा. मानेला, मनगटाला काही जाणवतंय का? ड्रॉप, म्हणजे हँडलची खाली वळलेली टोकं, धरा, गुडघे पोटाला लागतात का, पुढचा रस्ता मान न ताणता दिसतो का? हात हँडलवरून क्षणभर हलके करा, सोडू नका, फक्त भार काढा. लगेच पुढे कोसळल्यासारखं वाटलं तर सायकल लांब आहे. मुद्दाम रंबलरवरून जा. शेवटी एखाद्या छोट्या चढावर पेडलवर उभे राहून दहा-बारा जोरदार फेरे मारा. सायकल ढकलल्याबरोबर पुढे सरकली पाहिजे. ही शेवटची गोष्ट गुदगुल्या करते, तिला दहापैकी दोनच गुण द्या.

एक वाक्य कानावर पडलं की सावध व्हा: "माप थोडं मोठं आहे, पण स्टेम छोटा टाकून देतो." स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा. तो एक-दोन सेंटिमीटरने बदलणं ठीक. त्याहून जास्त बदलावा लागत असेल तर फ्रेम तुमची नाही. माझी पहिली सायकल याच वाक्यावर विकली गेली होती, आणि त्या वर्षी दुकानाला ते माप संपवायचं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं.

जुनी सायकल घेत असाल तर वरचे सगळे नियम तसेच लागू. शिवाय कार्बन फ्रेम असेल तर जाणकाराला बरोबर नेल्याशिवाय पैसे देऊ नका. रंगाखालची चीर फोटोत दिसत नाही.

पैशांचं गणित असं मांडा: ठरवलेल्या रकमेतला सातवा-आठवा हिस्सा सायकलीवर खर्चच करायचा नाही. तो हेल्मेट, दिवे, दाब दाखवणारा उभा पंप, शॉर्ट, टायर आणि बाइक फिटसाठी, म्हणजे सायकल जाणकाराकडून आपल्या अंगाला जुळवून घेण्यासाठी.

घरी आणल्यावर

सॅडलची उंची आधी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाडसर पुस्तक मांड्यांच्या मध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंटिमीटर आलं तर ६९ च्या जवळ. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. पडताळणीला टाच पेडलवर ठेवून उलटं फिरवा. पेडल खाली असताना पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर डावी-उजवी हलता कामा नये. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सॅडल बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर.

एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन ते पाच मिलिमीटरच, आणि दोन राइड तशाच करा. सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची रेघ मारून ठेवा, म्हणजे परत यायला खूण राहते. पहिल्या महिन्यात शंभराच्या राइडला हात घालू नका. तीस, चाळीस, साठ असं चढत जा, कारण नव्या बैठकीची मानेला आणि कमरेला सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, सायकल कितीही बरोबर असली तरी.

हँडलखालच्या कड्या, म्हणजे स्पेसर, सुरुवातीला सगळे स्टेमच्या खाली ठेवा. सॅडल आणि हँडल यांच्या उंचीत पहिले काही महिने चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. अंग सुटलं, कोपरं आपोआप वाकायला लागली, ड्रॉप धरावासा वाटू लागला, की एक कडी खालून काढून वर घाला. सहा महिन्यांनी आणखी एक. आणि कुणी मेकॅनिक "वर आलेला पाइप वाईट दिसतो, कापून टाकू का?" असं विचारेल, तेव्हा निदान वर्षभर तरी त्याला हात लावू देऊ नका. कड्या खाली-वर करता येतात, कापलेला स्टीअरर परत वाढत नाही.